नावाची ठेव

पत्राच्या अखेरीस नाव लिहिणे ही लेखनव्यवहारातील इतकी रुळलेली गोष्ट आहे, की तिच्यात एखादी नैतिक कृती दडलेली असू शकते हे सहसा कोणाच्या ध्यानी येत नाही. स्नेह्याला लिहिलेल्या पत्राखाली नाव ही ओळखीची खूण असते, कवितेखाली ते अभिमानाचे असते, कर्जरोख्याखाली ते बंधन असते. पण एखादा सामान्य नागरिक जेव्हा शासनाला, विशेषतः पोलिसांना, आपल्या शेजाऱ्याच्या, मालकाच्या वा वरिष्ठाच्या गैरकृत्याविषयी लिहितो आणि त्याखाली स्वतःचे नाव घालतो, तेव्हा ते नाव या तिन्ही प्रकारांत बसत नाही. ते तो दुसऱ्याच्या हाती सोपवतो. त्या क्षणापासून त्याची सुरक्षितता, क्वचित त्याचे प्राणही, वाचणाऱ्याच्या शीलावर अवलंबून राहतात. कूटबद्ध ई-मेलमुळे नागरिक आणि पोलीस यांच्यातील पत्रव्यवहार खासगी राखता येईल, असे जेव्हा सुचवले जाते, तेव्हा या सोपवण्याचा विचार क्वचितच झालेला असतो. कुलूप किती भक्कम आहे याची चर्चा होते. कुलूप उघडल्यानंतर काय होते, हा प्रश्न मागे राहतो.

दिल्लीपुरते बोलायचे तर या मागे राहिलेल्या प्रश्नाचा सर्वांत ठळक दाखला पोलीस ठाण्यातला नाही; तो पंतप्रधानांच्या कार्यालयातला आहे. सत्येंद्र दुबे हे कानपूरच्या आयआयटीतून शिकून बाहेर पडलेले स्थापत्य अभियंते राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाच्या सेवेत होते. झारखंडातील कोडरमा येथे सुवर्ण चतुष्कोण महामार्गाच्या कामावर त्यांची नेमणूक होती. त्या कामातील आर्थिक गैरप्रकार आणि निकृष्ट बांधकाम पाहून त्यांनी नोव्हेंबर २००२ मध्ये तत्कालीन पंतप्रधान अटलबिहारी वाजपेयी यांना पत्र लिहिले. निनावी पत्राला किंमत मिळत नाही, हे त्यांना ठाऊक होते. म्हणून त्यांनी स्वतःची माहिती वेगळ्या कागदावर जोडली आणि आपले नाव गुप्त ठेवावे, अशी विनंती केली. एका तरुण सरकारी अभियंत्याने शासनावर ठेवलेला हा विश्वास किती तपशीलवार होता, हे त्या वेगळ्या कागदावरून कळते. मजकूर कोणीही वाचावा, नाव मात्र ज्याला वाचणे अगत्याचे आहे त्यानेच वाचावे, अशी ती रचना होती. कूटलेखनाचे शास्त्र जे यंत्राकडून करवून घेते, ते दुबे यांनी एका टाचणीने साधू पाहिले.

पत्र वाटेत कोणी फोडले नाही. टपालखात्यात ते हरवले नाही, कोणा हेराच्या हातीही पडले नाही. ते सुखरूप पोहोचले आणि पोहोचल्यानंतर उघडे झाले. कार्यालयातून मंत्रालयाकडे, मंत्रालयातून महामार्ग प्राधिकरणाकडे, म्हणजे ज्यांच्या कामाविषयी तक्रार होती त्यांच्याच घरात, ते शेरे आणि सह्या गोळा करीत नावासकट फिरले. २७ नोव्हेंबर २००३ च्या पहाटे गया शहरात दुबे यांची गोळी घालून हत्या झाली.

पुढे केंद्रीय अन्वेषण विभागाने तपास केला. हत्या लुटारूंनी केली, असा त्या तपासाचा निष्कर्ष होता आणि २०१० साली पाटण्याच्या न्यायालयाने तिघांना जन्मठेपेची शिक्षा दिली. हा निष्कर्ष अनेकांना पटला नाही. परंतु नीतीच्या दृष्टीने पाहता, तो पटतो की नाही यावर फारसे काही अवलंबून नाही. समजा, हत्या खरोखर केवळ लुटीसाठी झाली होती; समजा, दुबे आजही हयात असते आणि एखाद्या महामार्गाच्या पाहणीला निघाले असते; तरीही ज्या दिवशी ते पत्र नावासह दुसऱ्या कार्यालयात गेले त्याच दिवशी विश्वासभंग पूर्ण झाला होता. परिणाम भयंकर झाला म्हणून चूक मोठी ठरते आणि तो टळला असता तर तीच चूक किरकोळ ठरली असती, असे मानणारा एक विचार आहे. शासकीय व्यवहारात तो फार लोकप्रिय आहे, कारण त्याच्या आधाराने बहुतेक चुका किरकोळ ठरवता येतात. ठेवीचा न्याय असा नाही. दुसऱ्याने विश्वासाने ठेवायला दिलेला दागिना सावकाराने लग्नात मिरवून परत पेटीत ठेवला आणि तो जसाच्या तसा राहिला, तरी त्या सावकाराकडे पुन्हा कोणी दागिना ठेवत नाही.

धर्मशास्त्रकारांनी या विषयाचा विचार बारकाईने केला होता. मनूच्या अठरा व्यवहारपदांत ऋणानंतर लगेच निक्षेप येतो. याज्ञवल्क्य स्मृतीत आणखी एक भेद आहे: आत काय आहे ते न सांगता, बंद पात्रात घालून, दुसऱ्याच्या हाती दिलेल्या ठेवीला तेथे वेगळे नाव आहे. तिला औपनिधिक म्हणतात, आणि ती घेणाऱ्याने जशी दिली तशीच परत करावयाची असते. घेणाऱ्याला तिच्या किमतीची कल्पना नसते. तरी, किंबहुना म्हणूनच, त्याची जबाबदारी अधिक नाजूक असते. त्याच ठिकाणी एक अपवादही सांगितला आहे. राजाने नेली, दैवी आपत्तीत गेली वा चोरांनी पळवली, तर ती ठेव भरून देण्याचे बंधन घेणाऱ्यावर नाही. राजा आणि चोर एकाच समासात बसवणाऱ्या स्मृतिकाराच्या व्यवहारज्ञानाला दाद द्यावी लागते. मात्र ठेव राखणारा स्वतः राजाच असेल तर काय, हा प्रश्न त्याच्यापुढे नव्हता. तो विसाव्या आणि एकविसाव्या शतकांतील नागरिकापुढे आहे.

कूटबद्ध ई-मेलची रचना समजून घेतली म्हणजे हा प्रश्न अधिक स्पष्ट होतो. शतकानुशतके गुप्तलेखनाची पद्धत एकच होती: लिहिणारा आणि वाचणारा या दोघांपाशी एकच किल्ली असे आणि ती आधी, भेटून किंवा विश्वासू माणसाकरवी, द्यावी लागे. १९७६ साली डिफी आणि हेलमन यांनी दुसरी वाट दाखवली. प्रत्येकाकडे दोन किल्ल्या असाव्यात. एक जगजाहीर करावी, दुसरी स्वतःपाशी ठेवावी. जाहीर किल्लीने कोणीही पेटी बंद करू शकतो, पण ती उघडते फक्त दुसऱ्या किल्लीने. १९९१ साली फिल झिमरमन या अमेरिकन गृहस्थाने सामान्य माणसाला वापरता येईल अशी प्रणाली या तत्त्वावर तयार करून लोकांत वाटली, तेव्हा जणू त्याने शस्त्रे निर्यात केली अशा भावनेने त्याच्या सरकारने चौकशी आरंभली. ती १९९६ मध्ये सोडून देण्यात आली.

या शोधाचे नैतिक मोल मोठे आहे. दोन अनोळखी माणसे, पूर्वी कधीही न भेटता, एकमेकांशी गुप्त बोलू शकतात. नागरिक आणि पोलीस हे बहुधा असेच अनोळखी असतात. ठाण्याने आपली एक किल्ली दर्शनी फलकावर लावावी आणि ज्याला काही सांगायचे आहे त्याने त्या किल्लीने पत्र बंद करून पाठवावे, इतके हे सोपे वाटते. पण या पेटीच्या दोन मर्यादा आहेत. पहिली अशी, की ती मजकूर झाकते, पाकीट झाकत नाही. कोणी कोणाला केव्हा पत्र पाठवले, हे बाहेरून दिसतच राहते. रूढ पद्धतीत विषयाची ओळही उघडीच असते. २०२१ साली स्वित्झर्लंडमधील प्रोटॉन या प्रसिद्ध गुप्त टपालसेवेला स्विस अधिकाऱ्यांच्या आदेशावरून एका फ्रेंच पर्यावरण कार्यकर्त्याच्या संगणकीय पत्त्याची नोंद करून द्यावी लागली. त्याच्या पत्रांतील मजकूर कोणी वाचला नव्हता; त्याची गरजही पडली नाही. ज्या वस्तीत ठाण्याची पायरी चढणे हीच बातमी असते, तेथे पत्रात काय लिहिले यापेक्षा पत्र लिहिले हेच अधिक धोक्याचे असते. दुसरी मर्यादा दुबे यांच्या पत्राने आधीच दाखवून दिली आहे: पेटी उघडण्याचा क्षण आला की शास्त्र बाजूला होते आणि माणूस समोर उभा राहतो.

मराठी वाङ्मयाच्या अभ्यासकाला गुप्त लिपीचा विषय परका नाही. महानुभावांनी आपले ग्रंथ सकळ, सुंदरी अशा सांकेतिक लिप्यांत लिहून ठेवले आणि विसाव्या शतकाच्या प्रारंभी वि. का. राजवाडे, वि. ल. भावे यांच्यासारख्या संशोधकांच्या हाती त्यांची किल्ली लागेपर्यंत मराठीचे आद्य गद्य मराठी वाचकापासून दूर राहिले. तेथे लिहिणारा, राखणारा आणि वाचणारा हे तिघेही एका पंथाचे, एका श्रद्धेचे होते. उघडणाऱ्याविषयी शंका घेण्याचे कारणच नव्हते. लिपी बाहेरच्या जगासाठी होती. गुप्तलेखनाच्या या प्रकारात विश्वास आधी असतो आणि किल्ली मागाहून येते. नागरिक आणि पोलीस यांच्या बाबतीत क्रम उलटा करण्याचा प्रयत्न आहे. किल्ली आधी द्यावी, म्हणजे विश्वास आपोआप येईल, असे त्यात गृहीत आहे.

दिल्लीहून गुप्त पत्रे लिहिण्याचा मराठी माणसाचा अनुभवही जुना आहे. अठराव्या शतकात हिंगणे घराण्यातील वकील दिल्लीच्या दरबारात पेशव्यांच्या वतीने वावरत होते आणि त्यांच्या दप्तरातील पत्रे पुढे भारत इतिहास संशोधक मंडळाने प्रसिद्ध केली. जासुदांच्या जोड्या ती पत्रे घेऊन दक्षिणेकडे निघत. त्या काळच्या मराठी पत्रांतून एक रीत वारंवार आढळते: सर्वांत नाजूक गोष्ट कागदावर येत नाही. ती पत्र नेणाऱ्याच्या तोंडी दिली जाते. पत्रात फक्त हा माणूस सांगेल ते खरे मानावे, इतकेच असते. म्हणजे ज्याच्यापाशी विश्वासू माणूस आहे, त्याला लिपीची फार गरज पडत नाही.

हे आजच्या दिल्लीलाही लागू पडते. राजधानीत आणि तिच्या भोवतीच्या गुरुग्राम, नोएडा, गाझियाबाद, फरिदाबाद या शहरांत ज्याची एखाद्या वरिष्ठ अधिकाऱ्याशी ओळख आहे, तो माणूस सांगायचे ते चहाच्या पेल्याबरोबर सांगतो. त्याचे नाव कोणत्याही नोंदवहीत येत नाही. लिहावे लागते ते ज्याची ओळख नाही त्याला. शिवाय या प्रदेशातली पोलीस यंत्रणा तीन सरकारांत वाटलेली आहे: दिल्ली पोलीस केंद्रीय गृह मंत्रालयाच्या अधीन, गुरुग्राम व फरिदाबाद हरयाणाकडे, नोएडा व गाझियाबाद उत्तर प्रदेशाकडे. नोएडात राहून गुरुग्रामात काम करणाऱ्या माणसाने दिल्लीत घडलेली गोष्ट कळवली, तर ती कोणत्या टेबलावरून कोणत्या टेबलावर जाईल याचा अंदाज त्याला बांधता येत नाही. पत्राचे हे फिरणे कार्यक्षमतेच्या नावाखाली होते आणि प्रत्येक फेरीत नाव एका नव्या डोळ्यांखालून जाते. कूटबद्ध पत्राची मागणी म्हणूनच मुळात समतेची मागणी आहे. ओळखीच्या माणसाला जे खासगीपण फुकट मिळते, ते अनोळखी माणसालाही मिळावे, एवढेच तिचे म्हणणे आहे. तंत्रज्ञांच्या चर्चेत ही बाजू हरवते, आणि ते बरे नव्हे.

याच दिल्लीत नागरिकाकडून पोलिसांकडे जाणाऱ्या कागदांपैकी फार नेहमीचा कागद तक्रारीचा नाहीच. तो भाडेकरूच्या आणि घरगड्याच्या पडताळणीचा अर्ज असतो. मोलकरणीचे छायाचित्र, तिच्या गावाचा पत्ता, तिचे नातलग, हे सारे घरमालक भरून देतो. कूटबद्ध पत्राने खासगीपण राखायचे ते लिहिणाऱ्याचे. येथे लिहिणारा सुरक्षित आहे, आणि जिचे नाव ठाण्याच्या कपाटात जाऊन पडते तिने काहीच लिहिलेले नाही. बरद्वान किंवा गुमला जिल्ह्यातून आलेल्या त्या बाईला आपल्या मालकाविषयी काही सांगावेसे वाटले, तर तिच्यासाठी कोणता अर्ज आहे?

शासनाचा किल्लीविषयीचा दृष्टिकोन मात्र पहिल्यापासून सरळ आहे: किल्ली असावी, पण ती आमच्यापाशी असावी. इंटरनेट सेवेच्या परवान्यांच्या जुन्या अटींत सामान्य ग्राहकाला चाळीस बिटांपर्यंतचे, म्हणजे थोड्या खटपटीने फुटणारे, कूटलेखनच मोकळे होते. त्याहून भक्कम कुलूप वापरायचे तर लेखी परवानगी घेऊन उलगडण्याची किल्ली दोन भागांत सरकारपाशी जमा करावी लागे. सप्टेंबर २०१५ मध्ये राष्ट्रीय कूटलेखन धोरणाचा मसुदा प्रसिद्ध झाला. नागरिकाने आपल्या कूटबद्ध संदेशांचा साधा मजकूर नव्वद दिवस जपून ठेवावा आणि मागितल्यास दाखवावा, असे त्यात सुचवले होते. बंद पाकीट टाकल्यावर त्याची उघडी प्रत तीन महिने घरी ठेवण्याची ही कल्पना इतकी हास्यास्पद ठरली, की मसुदा दोन दिवसांतच मागे घ्यावा लागला. फेब्रुवारी २०२१ च्या नियमांनी मोठ्या संदेशसेवांवर संदेशाचा मूळ जनक ओळखून देण्याचे बंधन घातले आणि त्यावरचा वाद दिल्ली उच्च न्यायालयात गेला. टपालाच्या बाबतीतही इतिहास निराळा नाही. १९८६ साली पत्रे रोखण्याचे सरकारचे अधिकार वाढवणारे विधेयक संसदेने मंजूर केले. राष्ट्रपती झैलसिंग यांनी त्याला संमती दिली नाही आणि ते परतही पाठवले नाही. त्यांची मुदत संपेपर्यंत ते तसेच पडून राहिले. भारतीय प्रजासत्ताकात नागरिकाच्या पाकिटाचे रक्षण असे एका मौनाने झाले, ही गोष्ट विसरण्यासारखी नाही.

ऑगस्ट २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने खासगीपणा हा मूलभूत हक्क मानला. त्या निकालाची थोरवी मान्य करूनही म्हणावे लागते, की तो हक्क मुख्यतः राज्याने डोकावू नये यासाठी आहे. येथे नागरिकाने राज्याला स्वतःहून दार उघडले आहे. आत आलेल्याने कसे वागावे, हा प्रश्न शिल्लक राहतो.

त्याचे उत्तर कायद्यात शोधू गेले तर एक विलक्षण वाक्यरचना समोर येते. १८७२ च्या पुरावा कायद्याच्या एकशे पंचविसाव्या कलमात असे सांगितले होते, की गुन्ह्याची खबर कोठून मिळाली हे सांगण्याची सक्ती दंडाधिकाऱ्यावर वा पोलीस अधिकाऱ्यावर करता येणार नाही. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय साक्ष अधिनियमात तीच तरतूद एकशे एकतिसाव्या कलमात आली आहे. खबर देणाऱ्याचे संरक्षण म्हणून या तरतुदीचा गौरव केला जातो. पण तिचा कर्ता कोण आहे, हे व्याकरणाच्या विद्यार्थ्यालाही सांगता येईल. सक्तीपासून मुक्तता अधिकाऱ्याला आहे. गप्प राहण्याचा अधिकार त्याचा आहे. गप्प राहण्याचे कर्तव्य त्याच्यावर या कलमाने घातलेले नाही. न्यायालयाने विचारले तर तो नाव सांगणार नाही. पण ठाण्याच्या आवारात, एखाद्या स्थानिक पुढाऱ्याच्या दिवाणखान्यात, त्याने आपण होऊन सांगितले तर हे कलम त्याचा हात धरीत नाही. नाव नागरिकाचे, जीव नागरिकाचा, आणि ते राखायचे की नाही याची मुखत्यारी मात्र अधिकाऱ्याची. ठेवीला ठेव न मानता घेणाऱ्याची मालमत्ता मानले, म्हणजे असा कायदा तयार होतो.

याउलट बाजू लक्षात घेतल्याशिवाय हा विचार एकांगी होईल. ज्याच्याविषयी लिहिले जाते तोही नागरिकच असतो. व्हेनिसच्या प्रजासत्ताकात भिंतींवर सिंहमुखे कोरलेली होती आणि त्यांच्या जबड्यात चिठ्ठ्या टाकून कोणाविरुद्धही तक्रार करता येई; त्या दगडी तोंडांची दहशत शतकानुशतके सांगितली गेली. मराठीत खबर देणाऱ्यासाठी असलेले शब्द पाहिले तरी समाजाचा कल कळतो: खबऱ्या, चहाडखोर, चुगलखोर, फितूर. उत्तरेतला मुखबिर हा शब्द तर क्रांतिकारकांवरील खटल्यांच्या आठवणीने कायमचा डागाळला आहे. भाषा अकारण कठोर होत नाही. झाकलेल्या नावाआड सूड, मत्सर आणि जमिनीचे तंटे सहज लपतात. १ मे २०२४ रोजी दिल्ली आणि परिसरातील शंभराहून अधिक शाळांना बॉम्ब ठेवल्याच्या धमकीचे ई-मेल आले. मुलांना घ्यायला आईबाप धावले, शाळा रिकाम्या झाल्या, तपासात काहीही सापडले नाही. पत्त्याचा माग मात्र परदेशातील टपालसेवेपर्यंत गेला. त्याच वर्षी फेब्रुवारीत चेन्नईच्या शाळांना अशाच खोट्या धमक्या आल्यावर प्रोटॉनची सेवा बंद पाडण्याचा विचार झाला होता. पोलिसांच्या मनात लपलेल्या पत्रलेखकाची प्रतिमा ही अशी घडलेली आहे. शाळेच्या फाटकाशी उभ्या असलेल्या आईला खासगीपणाच्या हक्काविषयी सांगायला जाणाऱ्याने आधी तिच्या जागी उभे राहून पाहावे.

परंतु या युक्तिवादात दोन वेगळ्या गोष्टी एकत्र मिसळल्या जातात. निनावी असणे वेगळे आणि विश्वासाने नाव देणे वेगळे. धमकी देणारा नाव लपवतो. दुबे यांनी नाव दिले होते. पहिल्याला जबाबदारी नको असते. दुसरा जबाबदारी घेतो, फक्त ती योग्य माणसापुढे घेतो. पहिल्याच्या भीतीने दुसऱ्याचे नाव उघडे पाडणे म्हणजे चोराच्या भयाने सावाच्या घराचे दार काढून नेणे होय. खोट्या खबरीचा प्रतिबंध नाव जाहीर करण्यात नसून खबर तपासण्यात आहे, हे कौटिल्याला समजले होते. हेरांनी सांकेतिक लिपीत वृत्त पाठवावे, त्यांना एकमेकांची ओळख असू नये आणि तिघांचे म्हणणे जुळले तरच ते खरे मानावे, असा त्याचा दंडक आहे. कौटिल्याचे राज्य नागरिकांचे नव्हते आणि त्याची नीती अनुकरणीय म्हणून येथे सांगितलेली नाही. तरी नावाची गुप्तता आणि मजकुराची कसोटी या दोन गोष्टी एकाच वेळी शक्य आहेत, एवढे त्यावरून दिसते. जर्मनीतील लोअर सॅक्सनी राज्याच्या गुन्हे अन्वेषण पोलिसांनी २००३ पासून अशी एक संगणकीय टपालपेटी ठेवली, की माहिती देणारा अनोळखी राहूनही अधिकाऱ्यांच्या प्रश्नांना उत्तरे देऊ शकेल. नाव न विचारता उलटतपासणी करता येते, हे तेथे व्यवहारात आले.

भारतीय कायद्याचा ओघ अजून सहीकडेच आहे. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या एकशे त्र्याहत्तराव्या कलमाप्रमाणे दखलपात्र गुन्ह्याची खबर इलेक्ट्रॉनिक माध्यमातून देता येते. मात्र देणाऱ्याने तीन दिवसांच्या आत तिच्यावर सही केली पाहिजे. म्हणजे पत्र कितीही झाकून पाठवले तरी ते नोंदवून घ्यायचे तर अखेर सहीसाठी स्वतःला पुढे करावे लागते. त्यातच, डिसेंबर २०१० मधील दिल्ली उच्च न्यायालयाच्या आणि सप्टेंबर २०१६ मधील सर्वोच्च न्यायालयाच्या निर्णयांनंतर प्रथम खबरी अहवाल पोलिसांच्या संकेतस्थळावर टाकणे आवश्यक झाले. लैंगिक अत्याचार, दहशतवाद यांसारखी संवेदनशील प्रकरणे त्यातून वगळली आहेत. आरोपीला आपल्यावरचा आरोप लगेच कळावा, हा या निर्णयांमागचा हेतू न्याय्यच आहे. पण फिर्यादीचे नाव त्या अहवालात असते. एका हाताने दार लावावे आणि दुसऱ्याने खिडकी सताड उघडी ठेवावी, असा हा प्रकार कोणाच्या दुष्टपणामुळे झालेला नाही. दोन चांगल्या हक्कांची एकमेकांशी गाठ कोणी घालून दिली नाही, म्हणून तो झाला आहे.

साक्षीदारांच्या बाबतीत ही गाठ घालण्याचा प्रयत्न तरी झाला. १९९९ सालच्या जेसिका लाल हत्येच्या खटल्यात एकामागून एक साक्षीदार उलटल्याचे दिल्लीने पाहिले होते. २०१५ मध्ये दिल्लीपुरती साक्षीदार संरक्षण योजना आली आणि डिसेंबर २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तशी योजना देशभर लागू केली. साक्षीदार मात्र खटला उभा राहिल्यावरचा माणूस असतो. पहिली ओळ लिहिणारा त्याच्या कितीतरी आधी येतो. महाराष्ट्रात तळेगाव दाभाडे येथील सतीश शेट्टी यांनी जमीनव्यवहारांविषयी तक्रारी केल्या होत्या आणि धमक्यांमुळे पोलीस संरक्षणही मागितले होते. १३ जानेवारी २०१० रोजी सकाळी फिरायला गेले असताना त्यांची हत्या झाली. त्यांच्या पत्राला कूटलिपीची गरज नव्हती, उत्तराची होती.

अशा माणसासाठी मराठीने अलीकडे एक जुना शब्द पुन्हा वापरात आणला आहे: जागल्या. गावगाड्यात रात्रीची राखण करणारा हा महार वतनदार पाटलाच्या हाताखाली असे आणि गावकुसाबाहेर राहत असे. ज्यांच्या घरांची तो राखण करी, त्यांच्या घरांत त्याला प्रवेश नव्हता. शब्द उचलताना त्याच्या पोटातली ही वेदनाही उचलली गेली आहे, याचे भान वृत्तपत्रांना असेलच असे नाही. पण जागल्या हाळी देत फिरे. त्याचा आवाज हेच त्याचे काम होते आणि आपण जागे आहोत हे लपवण्याची पाळी त्याच्यावर येत नसे. आजच्या जागल्याला हाळी देता येत नाही. त्याला कुजबुजावे लागते, तीही अशा कानात, ज्याच्या मालकाला तो ओळखत नाही.

दुबे यांच्या मृत्यूनंतर उठलेल्या क्षोभातून आणि सर्वोच्च न्यायालयाच्या आग्रहातून २१ एप्रिल २००४ रोजी केंद्र सरकारने एक ठराव केला आणि अशा तक्रारी स्वीकारण्याचे काम केंद्रीय दक्षता आयोगाकडे सोपवले. दहा वर्षांनी, मे २०१४ मध्ये, त्यासाठीच्या कायद्याला राष्ट्रपतींची संमती मिळाली; तो अमलात आणण्याची अधिसूचना मात्र पुढे दशक उलटले तरी निघाली नाही, म्हणून व्यवहार त्या ठरावावरच चालत राहिला. त्याची पद्धत मुद्दाम पाहण्यासारखी आहे. पत्र बंद पाकिटात घालावे. ते जनहितार्थ दिलेल्या माहितीचे असल्याचे पाकिटावर लिहावे, पण पाठवणाऱ्याचे नाव पाकिटावर लिहू नये. नाव आणि पत्ता आतल्या पत्राच्या आरंभी, अखेरीस किंवा वेगळ्या कागदावर द्यावा. निनावी पत्र घेतले जात नाही. अशा पाकिटावर प्रेषकाचे नाव लिहिण्याचा आग्रह धरू नये, अशा सूचना टपाल कचेऱ्यांना देण्यात आल्या. दुबे यांनी जोडलेला तो वेगळा कागद अशा रीतीने शासनाच्या नियमात आला. आयोग अशा पत्राची पोच देत नाही, आणि पाठवणाऱ्याने त्याविषयी पुन्हा पत्रव्यवहार करू नये, असा सल्ला देतो.